दुहेरी कर टाळायला निघाले आणि एकेरीही टळला : भारत-मॉरिशस करारदुरुस्तीचं प्रकरण

२४ ऑगस्ट १९८२ रोजी पोर्ट लुईमध्ये भारत आणि मॉरिशस यांनी दुहेरी करआकारणी टाळण्याच्या, म्हणजे एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांनी कर घेऊ नये यासाठीच्या, करारावर सह्या केल्या. त्यातलं तेरावं कलम भांडवली नफ्याचं. जमीन किंवा इमारत विकली तर ती जिथे आहे त्या देशाने कर घ्यायचा. परदेशातल्या कायमस्वरूपी कार्यालयाची मालमत्ता विकली तर ते कार्यालय असलेल्या देशाने. जहाज-विमानांचा नियम वेगळा. आणि शेवटी चौथं उपकलम: याखेरीज कोणतीही मालमत्ता विकून नफा झाला, तर विकणारा ज्या देशाचा निवासी असेल फक्त त्याच देशाने कर लावायचा. कंपन्यांचे शेअर या ‘याखेरीज’मध्ये मोडतात.

मॉरिशसमध्ये शेअर विकून झालेल्या नफ्यावर करच नाही. म्हणजे भारताने हक्क सोडला आणि ज्याच्यासाठी सोडला त्याने तो वापरला नाही. तरीही १९८२ साली यात कुणाला वावगं वाटलं नाही, कारण तेव्हा परदेशी गुंतवणूकदाराला मुंबईच्या बाजारात येऊन मोकळेपणाने शेअर घेताच येत नव्हते. भिंतीवर रंगवलेल्या दारासारखं ते उपकलम होतं. सप्टेंबर १९९२ मध्ये परदेशी संस्थात्मक गुंतवणूकदारांना भारतीय बाजार खुला झाला आणि त्याच वर्षी मॉरिशसने ऑफशोअर, म्हणजे तिथे नोंदून बाहेरच्या देशांत व्यवहार करणाऱ्या कंपन्यांच्या, व्यवसायासाठी वेगळा कायदा केला. साखर, कापड आणि पर्यटन यांच्या जोडीला त्या बेटाला आणखी एक धंदा हवा होता. तो भारताने आयता पुरवला.

प्रत्यक्षात हे चालायचं कसं? समजा, अमेरिकेतल्या एका फंडाला भारतात पैसे घालायचे आहेत. अमेरिकेशीही भारताचा करार आहे, पण त्यात भांडवली नफ्यावर दोन्ही देश आपापल्या कायद्याप्रमाणे कर लावू शकतात. म्हणून फंड थेट येत नाही. तो मॉरिशसमध्ये एक कंपनी काढतो. तिचा पत्ता बहुधा पोर्ट लुई किंवा एबेनच्या सायबरसिटीतल्या एखाद्या व्यवस्थापन कंपनीचा. त्याच पत्त्यावर आणखी कितीतरी कंपन्या नांदत असतात. दोन संचालक स्थानिक रहिवासी, मुख्य बँक खातं मॉरिशसमध्ये, हिशेब तिथे, लेखापरीक्षण तिथे, संचालक मंडळाच्या बैठका तिथून. एवढं जुळलं की मॉरिशसचं करखातं निवासी प्रमाणपत्र देतं, ज्याला सगळे टीआरसी म्हणतात. ते दरवर्षी नवं काढायचं. शेअर भारतीय कंपनीचे, खरेदी-विक्री मुंबईत, पैसा न्यूयॉर्कचा, निर्णयही बहुतेक तिथलाच. पण विकणारा मॉरिशसचा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ९० मध्ये, करार आणि कायदा यांपैकी करदात्याच्या फायद्याचं जे असेल ते लागू व्हायचं. कर शून्य.

याच वाटेने भारतातलाच पैसा बाहेर जाऊन ‘परदेशी गुंतवणूक’ म्हणून परत येतो, ही तक्रारही तेव्हापासूनचीच. असा पैसा नेमका किती यावर कितीही भांडता येईल, पण एकूण वाट किती रुंद होती ते सरकारी आकड्यांतच दिसतं. एप्रिल २००० ते मार्च २०१६ या काळात भारतात आलेल्या थेट परदेशी गुंतवणुकीपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे जवळपास ९६ अब्ज डॉलर, मॉरिशसच्या नावावर आहेत. त्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास.

चूक सगळ्यांना दिसत होती

मग सुधारायला चौतीस वर्षं का लागली? या प्रकरणातला खरा अभ्यासाचा भाग इथे आहे, आणि त्याचं उत्तर ‘सरकारची झोप’ एवढं सोपं नाही.

३० मार्च १९९४ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक क्र. ६८२ काढून सांगितलं, की मॉरिशसच्या निवाशाने भारतीय कंपनीचे शेअर विकले तर कर मॉरिशसच्याच कायद्याने. २००० साली काही आयकर अधिकाऱ्यांनी अशा गुंतवणूकदारांना कारणे दाखवा नोटिसा धाडल्या. या कंपन्या नावापुरत्या आहेत, त्यांचा कारभार मॉरिशसमधून चालत नाही, तेव्हा करार त्यांना लागू नाही, असा मुद्दा. तर्क म्हणून तो चुकीचा नव्हता. पण गुंतवणूकदारांची पळापळ सुरू झाली, पैसा निघायला लागला, आणि १३ एप्रिल २००० रोजी मंडळाने परिपत्रक क्र. ७८९ काढलं: मॉरिशसच्या अधिकाऱ्यांनी दिलेलं निवासी प्रमाणपत्र हा पुरेसा पुरावा मानावा. म्हणजे आपल्याच अधिकाऱ्याला आपणच सांगितलं की कागद बघ, कंपनीच्या आत डोकावू नकोस.

त्या परिपत्रकाविरुद्ध आझादी बचाओ आंदोलन आणि एक निवृत्त आयकर अधिकारी न्यायालयात गेले. ३१ मे २००२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने परिपत्रक रद्द केलं. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ७ ऑक्टोबर २००३ रोजी न्या. रुमा पाल व न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या खंडपीठाने परिपत्रक वैध ठरवलं. निकाल न्या. श्रीकृष्ण यांनी लिहिलेला. तिसऱ्या देशाच्या माणसाने या कराराचा फायदा घेऊ नये असं वाटत असेल, तर तशी अट करारात घालणं सरकारांच्या हातात आहे. ती लिहिलेली नसताना न्यायालयाने ती तिथे वाचायची नाही. शिवाय विकसनशील देशाला भांडवल हवं असतं, तेव्हा अशी पळवाट दीर्घकालीन हितासाठी सोसावीही लागते, असंही त्यात आहे. निकाल पटो न पटो, एक गोष्ट स्वच्छ झाली: परिपत्रक, नोटीस, अर्थसंकल्पातलं एखादं वाक्य यांनी हे सुटणार नाही. करारच बदलावा लागेल, आणि करार बदलायला समोरच्याची सही लागते.

समोरच्याने सही का करावी? मॉरिशसच्या वित्तीय क्षेत्रातला मोठा हिस्सा भारतात जाणाऱ्या पैशावर उभा राहिलेला. शिवाय नातं नाजूक. तिथली बहुसंख्य प्रजा भारतीय वंशाची. त्यात कोकणातून गेलेल्या मराठी माणसांची वस्तीही आहे, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. हिंदी महासागरातलं त्या देशाचं स्थान दिल्लीला मोलाचं. अशा शेजाऱ्याचा धंदा बसवायला परराष्ट्र खातं कधीच उत्सुक नव्हतं. २००६ मध्ये संयुक्त कार्यगट नेमला गेला. त्याच्या बैठका झाल्या, आणि दर बैठकीनंतर ‘चर्चा सकारात्मक’ एवढंच हाती लागत राहिलं.

भारताची बाजूही एकजीव नव्हती. महसूल खात्याला कर हवा होता, बाजाराला पैसा. मार्च २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींनी अर्थसंकल्पात करचुकवेगिरीविरोधी सर्वसाधारण नियम, म्हणजे ‘गार’, आणले. बाजार घाबरला, नियम पुढे ढकलले गेले. फेब्रुवारी २०१३ च्या वित्त विधेयकात ‘टीआरसी आवश्यक, पण पुरेसं नाही’ अशा अर्थाचं वाक्य होतं. बाजार पुन्हा हादरला आणि १ मार्चला अर्थ मंत्रालयाला खुलासा करावा लागला की टीआरसीच्या मागे जाऊन निवासाची चौकशी केली जाणार नाही. दर वेळी पाऊल टाकायचं आणि मागे घ्यायचं.

२००५ मध्ये एक गाठ आणखी पडली. सिंगापूरशी केलेल्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मूळ कराराला जोडलेल्या दुरुस्तीत, भारताने तिथल्या निवाशांनाही शेअरच्या नफ्यावर तशीच सूट दिली आणि लिहिलं, की ही सूट मॉरिशसच्या करारात ती आहे तोवरच. तेव्हा हे औदार्य वाटलं. पुढे तेच उपयोगी पडलं.

१० मे २०१६

त्या दिवशी पोर्ट लुईमध्ये दुरुस्तीच्या प्रोटोकॉलवर सह्या झाल्या. १९ जुलैला तो अमलात आला आणि १० ऑगस्टला भारतात अधिसूचित झाला. मॉरिशस एकदम का तयार झालं याचं कारण, माझ्या मते, १ एप्रिल २०१७ या तारखेत आहे. वर्षानुवर्षं ढकललेला ‘गार’ त्या दिवशी लागू होणार हे पक्कं झालं होतं. तो लागू झाला, की कराराचं संरक्षण असो-नसो, मॉरिशसमधली प्रत्येक कागदी कंपनी आयकर अधिकाऱ्याच्या टेबलावर सापडणार होती. रोज भांडत बसण्यापेक्षा लिहून घेतलेली अट बरी, असा हिशेब मॉरिशसने केला असणार. ‘ओईसीडी’ हा विकसित देशांचा गट आणि ‘जी-२०’ यांनी करचोरीविरोधात २०१५ मध्ये आणलेल्या शिफारशींचं वारंही त्याच दिशेने वाहत होतं. २०१६ मध्येच भारताने मॉरिशसला ३५.३ कोटी डॉलरचं विशेष आर्थिक साहाय्य दिलं. कराराच्या मजकुरात त्याचा उल्लेख नाही, पण वाटाघाटी काही फक्त मजकुरात होत नाहीत.

दुरुस्तीचा गाभा तेराव्या कलमात घातलेली दोन उपकलमं. १ एप्रिल २०१७ रोजी किंवा त्यानंतर घेतलेले भारतीय कंपनीचे शेअर विकले, तर कराचा हक्क भारताचा. त्याआधी घेतलेल्यांना हात नाही. ते २०३० मध्ये विकले तरी जुनाच नियम. आणि मधली दोन वर्षं, म्हणजे १ एप्रिल २०१७ नंतर घेऊन ३१ मार्च २०१९ पर्यंत विकलेल्या शेअरवर, भारतातल्या दराच्या निम्मा कर.

उदाहरणाने बघू. तेव्हा बाजारात नोंदलेले शेअर वर्षाच्या आत विकले की नफ्यावर १५ टक्के कर होता. मॉरिशसच्या एका फंडाला अशा विक्रीतून १० कोटी रुपये नफा झाला, असं धरू. अधिभार आणि उपकर सोडून देऊ. मार्च २०१७ च्या शेवटच्या आठवड्यात शेअर घेऊन डिसेंबरमध्ये विकले असते तर कर शून्य. तेच शेअर पंधरा दिवसांनी, एप्रिलमध्ये घेऊन डिसेंबरमध्ये विकले तर निम्म्या दराने ७५ लाख. आणि मे २०१९ मध्ये घेऊन त्याच वर्षी विकले तर पुरते दीड कोटी. कंपनी तीच, दलाल तोच. फरक फक्त करारनोंदीवरच्या तारखेचा.

निम्म्या दराला एक अट होती. सवलत मिळवणं हाच कंपनीच्या कारभाराचा मुख्य हेतू असला, तर ती मिळणार नाही. आणि कागदी कंपनी ओळखायची कसोटी आकड्यात लिहिली: आधीच्या बारा महिन्यांत मॉरिशसमधला कामकाजाचा खर्च १५ लाख मॉरिशस रुपयांपेक्षा, म्हणजे २७ लाख भारतीय रुपयांपेक्षा कमी असेल तर ती कागदी. शेकडो कोटी फिरवणाऱ्या फंडाला वर्षाला २७ लाख म्हणजे किरकोळ. दोन माणसं नेमली, बरं ऑफिस भाड्याने घेतलं की भागतं. या अटीवर तेव्हा भरपूर टीका झाली. मला ती वरवरची वाटते. अट दोन वर्षांपुरती होती, आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा आकडा लिहिला हेच त्यातलं बरं. ज्यांना २००० च्या नोटिसा आठवत होत्या त्यांना याचं मोल कळलं.

मॉरिशस रिकाम्या हाती उठलं नाही. कर्जावरच्या व्याजावर भारतात कापायच्या कराचा दर ७.५ टक्क्यांवर बांधला गेला. भारताने इतर देशांशी केलेल्या करारांत तो बहुतेक ठिकाणी १० किंवा १५ टक्के आहे. तांत्रिक सेवांच्या मोबदल्यावर १० टक्के कर, माहितीच्या देवाणघेवाणीचं विस्तारलेलं कलम, करवसुलीत एकमेकांना मदत या गोष्टी भारताच्या पदरात पडल्या. ती नेहमीची देवघेव, तिच्यावर फार थांबायला नको.

थांबायला हवं ते सूट किती मिळाली यावर नव्हे, तर कधीपासून गेली यावर. याआधीचे सगळे प्रयत्न फसले ते दरामुळे नाही. नोटीस आली की आधी घेतलेल्या, कदाचित आधी विकलेल्याही शेअरवर कर लागेल की काय, ही भीती असायची. २०१६ च्या दुरुस्तीने ती भीती काढली. जवळपास अकरा महिने आधी सांगितलं, जुनं सोडून दिलं, नव्यालाही दोन वर्षांची पायरी दिली. इतकंच नव्हे, तर पुढच्याच महिन्यात आयकर नियमांत बदल करून ‘गार’मधूनही १ एप्रिल २०१७ आधीच्या गुंतवणुकीच्या विक्रीला सूट दिली. करार आणि देशी कायदा यांच्या तारखा जुळवल्या.

याची किंमत मोजावी लागलीच. सूट जाणार हे कळल्यावर लोक आधी आत शिरणार, हे उघड होतं. २०१५-१६ मध्ये मॉरिशसमार्गे सुमारे ८.४ अब्ज डॉलरची थेट गुंतवणूक आली होती. २०१६-१७ मध्ये ती १५.७ अब्जांवर गेली, निम्म्या दराच्या पहिल्या वर्षात १५.९ अब्ज, आणि २०१८-१९ मध्ये पुन्हा ८.१ अब्जांवर आली. त्या वर्षी सिंगापूर १६.२ अब्जांसह पुढे निघून गेलं. आकडे नुसत्या कराने हलत नाहीत, मोठा एखादा सौदाही ते हलवतो. पण चढउताराचा आकार बोलका आहे. आत शिरलेल्या त्या पैशावरचा कर भारताने कायमचा सोडला. मला तो सौदा स्वस्त वाटतो.

सिंगापूरची गाठ आता कामी आली. मॉरिशसची सूट गेली तशी सिंगापूरची आपोआप डळमळली, आणि ३० डिसेंबर २०१६ रोजी त्या करारातही तीच तारीख, तीच दोन वर्षं घालून दुरुस्ती झाली. सायप्रसने १८ नोव्हेंबर २०१६ रोजी नव्या करारावर सही केली. २०१३ मध्ये भारताने माहिती न देणारा प्रदेश म्हणून त्याच्यावर ठपका ठेवला होता, तोही यात मिटला. सात-आठ महिन्यांत तिन्ही वाटांवर नाका बसला. मॉरिशसशी आधी मिटवलं नसतं तर यातलं काही हललं नसतं.

शब्द ‘शेअर’ एवढाच

प्रोटोकॉलने काय पकडलं हे वाचताना काय सुटलं तेही वाचावं. नवी उपकलमं फक्त शेअरबद्दल बोलतात, तेही भारताच्या निवासी कंपनीच्या. फ्युचर्स-ऑप्शन्स, कर्जरोखे, डिबेंचर यांच्या विक्रीचा नफा अजून जुन्या ‘याखेरीज’मध्येच आहे. विकणाऱ्याच्या देशात कर, म्हणजे मॉरिशसमध्ये, म्हणजे नाही. मुंबईच्या वायदे बाजारात उलाढाल करणाऱ्या फंडाला मॉरिशसचा पत्ता म्हणूनच आजही उपयोगाचा. आणि शेअर भारतीय कंपनीचे न विकता, तिच्यावर मालकी असलेल्या परदेशी कंपनीचे विकले तर? तो अप्रत्यक्ष व्यवहारही या शब्दांच्या बाहेर राहिला.

टायगर ग्लोबल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीचा वाद याच दारातला. त्यांच्या मॉरिशसमधल्या कंपन्यांकडे फ्लिपकार्टच्या सिंगापूरमधल्या कंपनीचे शेअर होते, २०१७ च्या आधी घेतलेले. २०१८ मध्ये ते वॉलमार्टच्या सौद्यात विकले गेले. तारीख जुळत असूनही २०२० मध्ये, कर लागेल का ते आधीच सांगणाऱ्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने सवलत नाकारली; कारभाराची सूत्रं मॉरिशसबाहेरून हलत होती, असं त्यांचं म्हणणं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो निर्णय फिरवला आणि महसूल खातं सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुनं सोडून दिलं म्हणजे जुन्याची चौकशीच नाही, असं खात्याने कधी मानलेलं नाही.

आणि पुन्हा तारीखच

७ मार्च २०२४ रोजी पोर्ट लुईमध्ये आणखी एका प्रोटोकॉलवर सह्या झाल्या. आठवडाभर आधीच मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने बांधलेल्या धावपट्टीचं उद्घाटन झालं होतं. या वेळी कराराच्या प्रस्तावनेतून परस्पर व्यापार आणि गुंतवणुकीला उत्तेजन देण्याचा उल्लेख गेला आणि करचुकवेगिरीला वाव न देता दुहेरी कर टाळण्याचा आला. शिवाय नवं कलम २७-ब: व्यवहाराच्या मुख्य हेतूंपैकी एक हेतू जरी कराराची सवलत मिळवणं हा असेल, तर सवलत नाही.

हे कलम जगभर स्वीकारलेलं आहे, त्यात धक्कादायक काही नाही. धक्का बसला तो अंमलबजावणीच्या कलमाने. कर कोणत्या तारखेला आकारला किंवा कोणत्या वर्षाचा आहे, याचा विचार न करता प्रोटोकॉल लागू होईल, असं त्यात लिहिलं होतं. मग २०१६ मध्ये कायमचं सोडलेलं जुनं पुन्हा तपासणीखाली येणार का? एप्रिलमध्ये मजकूर बाहेर आला आणि १२ एप्रिलला बाजार पडला. त्याच दिवशी आयकर खात्याने सांगितलं, की प्रोटोकॉलचं अनुसमर्थन आणि अधिसूचना अजून व्हायची आहे, शंका आताच काढणं घाईचं आहे. आठ वर्षांपूर्वी जे एका ओळीत आधीच लिहून ठेवलं होतं, ते या वेळी लिहायचं राहिलं. ज्यांनी २०१६ चा मसुदा पाहिला होता त्यांना हे विसरायला कसं झालं, ते कळत नाही.

खुलासा यायला २१ जानेवारी २०२५ उजाडली. प्रत्यक्ष कर मंडळाच्या त्या वर्षीच्या पहिल्या परिपत्रकाने सांगितलं, की मुख्य हेतूची कसोटी पुढच्या काळासाठीच आहे, आणि मॉरिशस, सिंगापूर, सायप्रस यांच्या करारांत जुन्या गुंतवणुकीला दिलेलं संरक्षण तिच्या कक्षेबाहेर राहील. पुन्हा परिपत्रकच. फरक एवढा की १९९४ आणि २००० च्या परिपत्रकांना आधार शोधावा लागला होता, याला २०१६ च्या मजकुराचा आधार आहे.

दरम्यान कामाच्या टेबलावर वेगळेच प्रश्न येतात. स्टार्टअपमध्ये पैसे घालणारे फंड बहुधा थेट साधे शेअर घेत नाहीत. पुढे सक्तीने समभागांत बदलणारे प्राधान्य शेअर घेतात. २०१५ मध्ये असे प्राधान्य शेअर घेतले आणि २०१८ मध्ये त्यांचे समभाग झाले, तर ते ‘घेतले’ कधी? बदलाने हक्कांत काही फरक पडत नाही, तेव्हा मूळ तारीखच धरायची, असं दिल्लीच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये म्हटलं. कंपनीने २०१९ मध्ये बोनस शेअर दिले, किंवा दोन कंपन्या एकत्र होऊन नव्या कंपनीचे शेअर हाती आले, तर? प्रोटोकॉलमध्ये यावर एक ओळ नाही. मॉरिशसचा जुना फंड आज भारतातून बाहेर पडायला निघाला, की मुंबईतला सल्लागार नफा किती हे नंतर विचारतो. आधी डीमॅट खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा मागवतो आणि एकेक शेअर कुठल्या दिवशी, कशातून आला ते लावत बसतो.